व्हिडिओ रोडावत गेला, त्याची गोष्ट

आधी हिशेब मांडू. फुल एचडीच्या एका चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट आणि सेकंदाला २५ चित्रं धरली, तर काहीही न गाळलेलं एक मिनिट ९ जीबीच्या वर जातं. मोबाइल तेच मिनिट शंभरेक एमबीत बसवतो. म्हणजे ‘फाइल जड आहे, जात नाही’ अशी आपली तक्रार असते, तेव्हा तिच्यातले शंभरातले नव्व्याण्णव भाग आधीच गाळून झालेले असतात.

ही गाळणी इंटरनेटपेक्षा बरीच जुनी आहे. टीव्ही धड घराघरांत पोहोचलाही नव्हता, तेव्हा, १९२९ साली, रे केल या अमेरिकन इंजिनिअरनं एका ब्रिटिश पेटंटात युक्ती मांडली होती: दर वेळी अख्खं चित्र कशाला पाठवायचं? आधीच्या चित्रापेक्षा जेवढं बदललं तेवढंच पाठवा. युक्ती बिनतोड होती, पण आधीचं चित्र लक्षात ठेवील असं स्वस्त यंत्र पुढची कित्येक दशकं नव्हतं. तोवर टीव्हीवाल्यांनी डोळ्यालाच फसवलं. एकदा विषम ओळी, एकदा सम ओळी. दूरदर्शनवर आपण सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं बघत होतो आणि कुणाला पत्ताही नव्हता. डोळ्याची दुसरी खोड म्हणजे तो उजेड-अंधार बारकाईनं टिपतो, रंगाच्या बाबतीत मात्र ढिला असतो. म्हणून आजही बहुतेक व्हिडिओंत चार ठिपक्यांमागे रंगाची नोंद एकदाच होते. एवढ्यावरच निम्मं ओझं उतरतं.

खरी कलाटणी मिळाली ती बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांच्यामुळे. १९७२ साली, कॅन्सस स्टेट विद्यापीठात असताना, त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे एका गणिती पद्धतीसाठी पैसे मागितले. मिळाले नाहीत. एका परीक्षकाला कल्पना फारच सोपी वाटली, असं अहमद यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांनी ती तरीही तडीस नेली आणि जानेवारी १९७४ मध्ये जेमतेम चार पानांचा लेख छापून आला. डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, म्हणजेच डीसीटी, ती हीच.

ती करते काय? चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनातल्या ६४ आकड्यांच्या जागी दुसरे ६४ आकडे येतात. पहिला आकडा सरासरी उजेड सांगतो, पुढचे क्रमाक्रमानं बारीक होत जाणारे चढउतार. निरभ्र आकाशाच्या चौकोनात सुरुवातीचे दोनचार सोडले तर बाकीचे शून्याच्या आसपास असतात. ते सरळ शून्य करून टाकायचे आणि ‘इथून पुढे सगळी शून्यं’ एवढंच लिहायचं. डोळ्याला पत्ता लागत नाही.

केलच्या जुन्या युक्तीलाही आता धार आली. नुसतं ‘काय बदललं’ एवढंच नव्हे, तर ‘कोण कुठून कुठे सरकलं’ हे ओळखून नोंदवायचं. या कामात बेल लॅब्जमधल्या अरुण नेत्रावळी यांचं नाव अग्रभागी आहे. ते मुंबईचे, १९६७ साली आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेले. जॉन रॉबिन्स यांच्यासोबतचा त्यांचा लेख १९७९ चा. डीसीटी आणि ही सरकण्याची नोंद या दोन्हींची मोट १९८८ साली एच.२६१ या प्रमाणकात बांधली गेली. ते टेलिफोनच्या डिजिटल तारेवरून व्हिडिओ कॉन्फरन्स करण्यासाठी होतं. नंतरचे जवळपास सगळे व्हिडिओ फॉरमॅट याच घराण्यातले.

आपल्याकडे हे घराणं आलं व्हीसीडीच्या रूपात. १९९३ च्या या प्रमाणकानं एका सीडीवर ७४ मिनिटं बसवली. युरोप-अमेरिकेनं तिला फारसं विचारलं नाही, आशियानं डोक्यावर घेतलं. हिंदी सिनेमा दोन नाहीतर तीन डिस्कमध्ये यायचा. ऐन रंगात आलेला सिनेमा थांबवून उठायचं आणि दुसरी डिस्क घालायची. पण मराठी नाटक व्हीसीडीला मानवायचं. दिवाणखान्याचा सेट जागचा हलत नाही, एखादं पात्र इकडून तिकडे जातं; नोंदवायला फार काही नसतंच. लग्नाच्या सीडीत मात्र ‘सावधान’ झालं रे झालं की चित्र विस्कटायचं. शेकडो अक्षता शेकडो दिशांनी उडालेल्या, कोण कुठून सरकलं याचा हिशेब लागेना, आणि तेवढ्या माहितीला जागाही नाही. मग नवरानवरीच्या तोंडावर ते आठ बाय आठचे चौकोन उघडे पडायचे. विसर्जनातल्या गुलालाचंही तेच. लोक कॅमेरावाल्याला बोल लावायचे. तो बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असायचा.

पुढचा प्रवास भराभर सांगता येतो. २००३ मध्ये एच.२६४, २०१३ मध्ये एचईव्हीसी, २०१८ मध्ये एव्ही१. दर पिढीत साधारण त्याच दर्जासाठी फाइल आणखी रोडावली, बदल्यात प्रोसेसरचं काम वाढलं. मूळ कल्पना त्याच राहिल्या. मला यात लक्षणीय वाटतं ते हे की फाइल किती लहान हवी, ते कधी चित्रावरून ठरलंच नाही. पुढची वाट किती अरुंद, त्यावरून ठरलं. आधी टेलिफोनची तार, मग सीडी, मग मोबाइलच्या दुकानात भरून मिळणारं मेमरी कार्ड.

आणि मग व्हॉट्सॲप. त्याची व्हिडिओची मर्यादा बरीच वर्षं १६ एमबी होती. तीन मिनिटांचा व्हिडिओ त्यात कोंबायचा, तर सेकंदाला व्हीसीडीच्या साधारण निम्मीच माहिती हाती उरते. नवी प्रमाणकं हुशार म्हणून निभावलं, एवढंच. पण एकदा गाळलेलं परत येत नाही. आलेला व्हिडिओ कुणी स्टेटसला लावला, कुणी दुसऱ्या ॲपवर चढवला, की तो पुन्हा आवळला जातो आणि आधीच्या गाळणीतून वाचलेलं थोडंफारही जातं.

तेव्हा बारशाचा, लग्नाचा, आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचा मूळ व्हिडिओ ‘पाठवला की सगळ्यांना’ म्हणून मोबाइलमधून पुसू नका. तो हार्ड डिस्कवर टाका. लहान करायचाच असेल तर मूळ फाइलवरून, आणि एकदाच. जसाच्या तसा द्यायचा असेल, तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तिथे दोन जीबीपर्यंतची फाइल न आवळता जाते.