ब्यूटच्या टेकडीखालचें पाणी



अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मॉन्टाना या डोंगराळ प्रांतांत ब्यूट नांवाचें शहर आहे. १८६४ च्या सुमारास तेथें ओढ्याच्या वाळूंत सोनें धुण्यासाठीं माणसें जमलीं. पुढें रुपें निघालें, आणि १८८२ च्या सुमारास मार्कस डेली याच्या ॲनाकोंडा खाणींत तांब्याची मोठी शीर लागली. विजेच्या तारांचें युग नुकतेंच उजाडत होतें. तांब्याला मागणी अपरंपार. ‘पृथ्वीवरची सर्वांत श्रीमंत टेकडी’ असें त्या टेकडीचें नांव झालें. ती श्रीमंती कोणाच्या घरीं गेली, हा निराळ्या व्याख्यानाचा विषय आहे. मी आज बोलणार आहें तें त्या टेकडीखालच्या पाण्याविषयीं.

खाण खोल गेली, कीं पाणी लागतेंच. ब्यूटच्या पोटांत हजारों मैल बोगदे खोदले गेले, आणि कांहीं उभीं विवरें जवळजवळ मैलभर खोल उतरलीं. तीं कोरडीं राखण्यासाठीं पंप रात्रंदिवस चालत. १९५५ सालीं बर्कली नांवाचा उघडा खड्डा खणण्यास आरंभ झाला. त्यानें मीडरव्हिलसारखी इटालियन लोकांची नांदती वस्ती गिळली व अखेर तो सुमारें १,७८० फूट खोल गेला. १९७७ सालीं ही सारी मिळकत एका तेलकंपनीच्या हातीं आली. तांब्याचा भाव उतरला, आणि २२ एप्रिल १९८२ रोजीं ‘केली’ नांवाच्या विवरांत ३,९०० फूट खोलीवर चालणारे पंप थांबविण्यांत आले. योगायोग असा, कीं हाच दिवस अमेरिकेंत ‘वसुंधरा दिन’ म्हणून पाळतात!

जमाखर्चाच्या वहींत तेवढा विजेचा खर्च वांचला. टेकडीखालीं मात्र पाण्यानें आपली जुनी वहिवाट पुन्हां सुरू केली. पहिल्या वर्षांतच तें हजार फुटांहून अधिक चढलें, व १९८३ च्या अखेरीस खड्ड्याच्या तळाशीं दिसूं लागलें.

हें पाणी साधें नव्हतें. तेथील खडकांत गंधक व लोखंड यांचें खनिज विपुल आहे. शतकभर बोगद्यांतून हवा खेळल्यामुळें त्याला प्राणवायु मिळाला होता. अशा खडकास पाणी लागलें, कीं गंधकाम्ल तयार होतें, आणि तें अम्ल तांबें, जस्त, कॅडमियम, सोमल आपल्यांत विरघळवून घेतें. लिंबाच्या रसाशीं तुलना व्हावी इतकें तें पाणी आंबट झालें. १९९५ च्या नोव्हेंबरांत हिमहंसांचा एक थवा त्या तळ्यावर उतरला. ३४२ पक्षी मेलेले आढळले. वर्तमानपत्रांनीं हंसांची बातमी छापली, तें योग्यच झालें. पण खरी चिंता डोळ्यांना न दिसणाऱ्या पाण्याची होती.

शेजारच्या मळ्यांत पंप सुरू झाला, कीं आपल्या विहिरीचें पाणी खालीं जातें, हें आपल्याकडील शेतकऱ्याला शिकवावें लागत नाहीं. जमिनीखालचें पाणी सखल पातळीकडे ओढ घेतें. ब्यूटचा खड्डा ही आसपासच्या खडकांतील सर्वांत सखल जागा होय. म्हणून भोंवतालचें विषारी पाणी खड्ड्याकडे येतें, बाहेर जात नाहीं. पण खड्डाच भरत आला तर? तर ही ओढ उलटेल, आणि तें पाणी दरींतील गाळाच्या थरांत शिरून सिल्व्हर बो ओढ्यास मिळेल. तो ओढा म्हणजे क्लार्क फोर्क नदीच्या मुखापासचा नव्हे, उगमाचा प्रवाह. तेथें नासलेलें पाणी खालच्या साऱ्या खोऱ्यानें भोगावयाचें.

ही उलटापालट केव्हां होईल, हें काठावर उभें राहून कळत नाहीं. त्यासाठीं मॉन्टानाच्या खाण व भूगर्भ मंडळानें जुन्या विवरांत आणि मुद्दाम पाडलेल्या विंधणविहिरींत माप सोडण्याचें व्रत धरलें. पातळी मोजावयाची, नमुने भरावयाचे, अम्लता व धातूंचें प्रमाण तपासावयाचें, आंकडे टिपून ठेवावयाचे. काम असें कंटाळवाणें, कीं त्यावर कोणी पोवाडा रचणार नाहीं. त्यांतहि खडकांतील विहिरी निराळ्या, गाळांतील निराळ्या. कारण गाळांतलें पाणी जुन्या खाणींच्या व भट्ट्यांच्या कचऱ्यानें कित्येक ठिकाणीं आधींच नासलें होतें. जुनें विष कोणतें व नवें कोणतें, याचा निवाडा अशा वेगळ्या नोंदींवांचून व्हावा कसा?

१९९४ सालीं मध्यवर्ती सरकारच्या पर्यावरण खात्यानें मर्यादा ठरविली : समुद्रसपाटीपासून ५,४१० फूट. येथें एक बारकावा आहे. ही मर्यादा केवळ खड्ड्यांतील तळ्यापुरती नाहीं. नेमून दिलेल्या कोणत्याहि विवरांत पाणी तेथवर चढलें, तरी ती ओलांडली असें धरावयाचें. पाणी विवरांकडून खड्ड्याकडे वाहतें, तेव्हां विवरांतील पातळी तळ्याहून थोडी उंच असणारच. तळ्याच्या काठीं खूण रोंवून स्वस्थ बसणाऱ्याच्या हें ध्यानांतहि आलें नसतें.

२००३ सालीं शुद्धीकरणाचा कारखाना उभा राहिला. तेथें चुना घालून अम्ल मारतात व धातु सांक्यांत खालीं बसवितात. २०१९ पासून खड्ड्यांतलें पाणी उपसून, शुद्ध करून ओढ्यांत सोडलें जात आहे. पातळी त्या आंकड्याच्या खालीं रोखून धरली आहे. म्हणजे १९८२ सालीं थांबविलेला उपसा दुसऱ्या जागीं पुन्हां सुरू झाला. तो किती वर्षें चालावयाचा, असें कोणी श्रोता विचारील. २००२ च्या करारांत त्याला शेवटची तारीख घातलेली नाहीं.