संगणक खरेदी : बिलापलीकडचा हिशेब

भोसरी, अंबड किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योजक पोलाद मागवतो तेव्हा तीन ठिकाणचे दर घेतो, टेस्ट सर्टिफिकेट तपासतो आणि आलेला माल वजनकाट्यावर पुन्हा तोलून घेतो. त्याच कारखान्याच्या कार्यालयात संगणक लागला, की मात्र ओळखीच्या विक्रेत्याला दूरध्वनी जातो आणि ‘चांगला बसवून द्या’ एवढ्यावर व्यवहार संपतो.

‘लघु’ या शब्दाने फसू नये. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार यंत्रसामग्रीत २५ कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक आणि १०० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योगही लघुच गणला जातो. एवढ्या व्यापाची बिले, पगारपत्रके आणि जीएसटीची विवरणपत्रे चार-दोन संगणकांवर विसंबून असतात.

पहिली चूक पैशांचीच होते. कच्च्या बिलावर ४० हजारांत मिळणारा संगणक पक्क्या बिलावर १८ टक्के जीएसटीसह ४७ हजार २०० रुपयांना पडतो. उद्योजकाला ७ हजार २०० रुपये वाचल्यासारखे वाटतात. वस्तुतः नियमित जीएसटी नोंदणी असलेल्या उद्योगाला हा कर इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून वळता करता येतो (कंपोझिशन योजनेतील व्यावसायिकाला ही सवलत नाही). म्हणजे वाचले काहीच नाही. उलट प्राप्तिकरातील घसाऱ्याचा दावा गेला आणि वॉरंटीचा पुरावाही गेला.

दुसरा प्रश्न यंत्राच्या उर्वरित आयुष्याचा. विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाचिप आणि इंटेलचा असल्यास साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा अन्यत्र मिळणारी जुनी, दुरुस्त केलेली यंत्रे घेण्यात गैर काही नाही. पण प्रोसेसरची पिढी न विचारता घेतलेले स्वस्त यंत्र पहिल्या दिवसापासूनच कालबाह्य ठरू शकते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरातील संगणक ओलीस धरले, तेव्हा ती त्रुटी बुजविणारी दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. ती ज्यांनी बसविली नव्हती वा ज्यांच्या जुन्या प्रणालीला ती मिळालीच नव्हती, ते सापडले.

सॉफ्टवेअरचा परवाना हा तर दुर्लक्षितच विषय. यंत्रासोबत येणारा ओईएम परवाना त्या यंत्राशीच बांधलेला असतो. तो दुसऱ्या संगणकावर नेता येत नाही. स्वतंत्रपणे घेतलेला रिटेल परवाना नेता येतो. दरपत्रकात यांपैकी कोणता परवाना आहे, हे लिहून घ्यावे. ‘सगळे टाकून देतो’ म्हणणारा तंत्रज्ञ निघून जातो, जबाबदारी मात्र मालकाकडे राहते. संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ ब नुसार किमान ७ दिवस ते ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. लेखा सॉफ्टवेअर घेताना प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. १ एप्रिल २०२३ पासून त्यांच्या लेखा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीतील बदलाचा माग राहणे आणि ती सोय बंद करता न येणे बंधनकारक आहे.

सर्वांत महाग पडते ती न लिहिलेली गोष्ट. संकेतस्थळ करून देणारा विक्रेता डोमेन स्वतःच्याच नावावर नोंदवतो. ईमेलचा मुख्य पासवर्ड, राउटरचा पासवर्ड, क्लाउड खात्याची मालकी सारे त्याच्याकडेच असते. संबंध गोड असतात तोवर काही बिघडत नाही. बिघडले, की स्वतःच्याच नावाची ईमेल परत मिळविण्यासाठी उद्योजकाला विनवण्या कराव्या लागतात. म्हणून डोमेन संस्थेच्या नावावर, पासवर्डचे पाकीट मालकाच्या कपाटात आणि सेवा बंद केल्यास आपली माहिती कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत परत मिळेल याचे कलम करारात, एवढे आगाऊ ठरवून मगच अखेरचा धनादेश द्यावा.

वार्षिक देखभाल करारातही सुटे भाग धरले आहेत की केवळ मजुरी, आणि तक्रारीनंतर माणूस किती तासांत येईल, हे आकड्यांत हवे. ‘लगेच पाठवतो’ हा आकडा नव्हे. तीन दरपत्रके मागवायची, तर तिन्ही विक्रेत्यांना एकच लेखी तपशील द्यावा. नाहीतर एकाची एसएसडी आणि दुसऱ्याची जुनी हार्ड डिस्क यांचीच तुलना होत राहते. आणि नवा संगणक आला, की जुना भंगारात देण्यापूर्वी त्याची हार्ड डिस्क काढून ठेवावी. ग्राहकांची नावे, बँकेचा तपशील, कामगारांचे आधार क्रमांक तिच्यातच असतात.