लष्करी सत्तेकडून लोकसत्तेकडे

शस्त्राच्या बळावर हाती आलेली सत्ता शस्त्रधाऱ्याने आपण होऊन परत करावी, असे इतिहासात क्वचितच घडते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचे सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांनी २३ डिसेंबर १७८३ रोजी ॲनापोलिस येथे लोकप्रतिनिधींच्या सभेपुढे आपल्या पदाचा राजीनामा दिला. पुढे त्या देशाच्या राज्यघटनेने निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षालाच सेनेचा सर्वोच्च अधिकारी ठरविले आणि सैन्याच्या खर्चास एका वेळी दोन वर्षांपेक्षा अधिक काळाची मंजुरी देऊ नये, असा निर्बंध घातला. सैनिक हा राज्याचा सेवक असावा, धनी नव्हे, हे त्यामागील सूत्र होते.

आपल्या प्रजासत्ताकाच्या आरंभी या सूत्राची कसोटी मराठवाड्याच्या भूमीवर लागली. नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील नायगाव त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, पण येथील प्रजा रझाकारांच्या अत्याचारांखाली भरडली जात होती. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेना संस्थानात शिरली. पाचव्या दिवशी निजामाने शस्त्रे खाली ठेवण्याची घोषणा केली आणि मेजर जनरल जे. एन. चौधरी लष्करी राज्यपाल झाले.

निजामाच्या फर्मानाने राज्यकारभाराचे सर्व अधिकार चौधरी यांच्याकडे आले. त्यांच्या जोडीला डी. एस. बखले हे मुख्य मुलकी प्रशासक होते, आणि जिल्ह्यांचा कारभार पाहण्यासाठी शेजारच्या प्रांतांतून अधिकारी आणण्यात आले. १९४९ मध्ये निजामाच्या खासगी मालकीचा सर्फ-ए-खास मुलूख सरकारात विलीन झाला व जहागिरी नष्ट करण्यात आल्या. पिढ्यान्‌पिढ्या जहागिरदाराला सारा देणारा शेतकरी आता थेट सरकारचा खातेदार होऊ लागला. १९४९ अखेर लष्करी राज्यपालपद संपुष्टात आले आणि कारभार एम. के. वेल्लोडी या मुलकी अधिकाऱ्याकडे गेला. १९५२ च्या निवडणुकीनंतर बुरगुल रामकृष्णराव यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ अधिकारावर आले. चौधरी पुढे भारताचे सेनाप्रमुख झाले, पण मुलकी सत्तेच्या आज्ञेतच राहिले. गोमंतकातही हीच रीत पाळली गेली. डिसेंबर १९६१ मध्ये लष्करी राज्यपाल झालेले मेजर जनरल कँडेथ यांनी काही महिन्यांतच, जून १९६२ मध्ये, मुलकी प्रशासनाला वाट करून दिली.

हा अभिमानाचा वारसा आहे. तथापि सत्ता परत केली म्हणजे सैनिकी राजवटीचा हिशेब पूर्ण होतो काय? पोलीस कारवाईच्या दिवसांत व त्यानंतर रझाकारांच्या पापांचा सूड निरपराध मुसलमानांवर उगविला गेला. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक सदिच्छा मंडळ पाठविले. एकूण २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा या मंडळाचा अंदाज होता. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत त्याने उस्मानाबाद, गुलबर्गा व बीदर यांच्याबरोबर आपल्या नांदेडचेही नाव घेतले. काही ठिकाणी सैनिकांचा सहभाग त्याने नोंदविला, तसेच प्राण धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचविणाऱ्या हिंदूंचीही नोंद केली. हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. तो अभ्यासकांना सहजपणे वाचावयास मिळाला तो २०१३ च्या सुमारास, म्हणजे सहा दशकांहून अधिक काळ लोटल्यावर.

सैनिकाने मुलकी सत्तेपुढे मान लवविली, हे लोकराज्याचे अर्धे कार्य झाले. त्या सैनिकाच्या हाताखाली घडलेल्या गोष्टींचा जाब मुलकी सत्तेने लोकांना देणे, हे उरलेले अर्धे होय. योहान बाप्तिस्ताकडे सैनिक आले तेव्हा त्याने त्यांना शस्त्र टाकावयास सांगितले नाही. कोणावर जुलूम करू नका, असे सांगितले, हे लूकच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. त्या उपदेशाचे माप विजयी सैन्यालाही लागू आहे.

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्रामातील हुतात्म्यांना आपण वंदन करतो, ते उचितच आहे. त्याच दिवशी, ज्यांच्या नावाने कोठेही स्तंभ उभा नाही अशा त्या निरपराधांसाठीही आपल्या मंदिरांतून एक प्रार्थना व्हावी. त्याने मुक्तीचे तेज उणावणार नाही; ते अधिक निर्मळ होईल.