गुरुजींची शाळा

राष्ट्रसंघ व आंतरराष्ट्रीय कामगार कचेरी यांतील अधिकाऱ्यांच्या मुलांसाठीं १९२४ सालीं जिनीव्हा येथें आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. नाना देशांचीं मुलें जमलीं. पण त्यांना इतिहास शिकवावा कोणता? एका देशाचा विजय तोच शेजाऱ्याच्या पुस्तकांत पराभव! आणि शिक्षक तर आपापल्या देशाचींच पुस्तकें पढलेले. मुख्याध्यापिका मारी-तेरेझ मोरेत यांनीं म्हणून सर्व जगाचा भूगोल व इतिहास शिकविण्याचा परिपाठ घातला. राष्ट्रसंघ १९४६ सालीं विसर्जित झाला. शाळा मात्र टिकली. १९४७ सालीं युनेस्कोनें फ्रान्समधील सेव्र येथें देशोदेशींच्या शिक्षकांचा अभ्यासवर्ग भरविला. १९४८ सालीं मोरेतबाईंनीं आपला अनुभव युनेस्कोसाठीं लिहून काढला. शांततेचे धडे देणाऱ्यानें आधीं स्वतः पाटी पुसावी लागते, हेंच या खटाटोपाचें सार होय.