पानगळ नाकारलेली राजधानी

१२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात पंचम जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा केली. एडविन लट्यन्स सदस्य असलेल्या नगररचना समितीने इमारतींबरोबर रुंद रस्त्यांकडेच्या झाडांचाही विचार केला. दिल्लीत वर्षाला जेमतेम ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जुलै ते सप्टेंबरात. उरलेले नऊ महिने झाडाने कोरडेच काढायचे.

नियोजनकारांना मात्र बारमाही हिरवी, एकसारखी रांग हवी होती. म्हणून अशोक रोडला जांभूळ, जनपथला अर्जुन, अकबर रोडला चिंच आली. झाडे देशीच, पण जांभूळ आणि अर्जुन स्वभावतः नदी-ओढ्यांच्या काठचे. त्यांना इथे रुजवायचे, तर पाणी घालणे आलेच. ती सावली आजही दिल्लीकरांना सुखावते. तिच्यामागचा पाण्याचा खर्च सहसा कुणी मोजत नाही.

शहरालगतच्या खडकाळ टेकड्यांवर, म्हणजे रिजवर, उलट टोक गाठले गेले. तिथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिका खंडातली वेडी बाभूळ लावली गेली. तिची मुळे खोल जातात, पाला शेळ्याही सहसा खात नाहीत, शेंगा खाणारी जनावरे शेणातून बी पसरवतात. ती जगली, फोफावली आणि तिने मूळच्या झाडझाडोऱ्याची जागा बळकावली.

त्या रिजची स्वतःची झाडे होतीच: हिवर, पळस आणि आपल्या धावड्याचा भाऊबंद धौ. जनावरांनी ओरबाडला, तरी धौ जमिनीलगत पसरून तग धरतो. पळस कोरड्या दिवसांत पाने गाळतो. पाने गेली की बाष्पावाटे जाणारे पाणी वाचते. पानगळ ही झाडाची काटकसर असते. प्रदीप कृष्ण यांच्या ‘ट्रीज ऑफ दिल्ली’ (२००६) या पुस्तकामुळे या निवडींकडे नव्याने पाहिले गेले.

एका निवडीत फक्त शोभा पाहिली, दुसरीत फक्त जगण्याची ताकद. जागेचा स्वभाव दोन्हीकडे दुर्लक्षित राहिला. मराठवाड्यात वा खानदेशात रस्त्याकडेला रोप लावतानाही हाच प्रश्न समोर येतो. अंजन, हिवर, पळस, कडुलिंब तिथे पिढ्यान्‌पिढ्या उभे आहेत. पण त्यांना निवडायचे, तर उन्हाळ्यातली काही उघडी फांदी आपल्या डोळ्यांनी सोसली पाहिजे.