वाटाड्याचे नाव

जुन्या काळी लांबच्या वाटेला निघणाऱ्याला तीन गोष्टी लागत: सोबती, जनावर आणि वाटाड्या. रात्रीचा मुक्काम कुठे करायचा, पाणी कुठे सापडेल आणि कोणती खिंड टाळायची, हे सांगणारा माणूस नसेल तर बादशहाचे लष्करही आंधळे. अरबस्तानच्या वाळवंटात हे काम बदूंनी केले. आपल्या सातपुड्यात ते कोरकूंसारख्या डोंगरच्या लोकांचे होते. या माणसाची इतिहासात नोंद कशी होते, एवढाच येथे प्रश्न आहे.

इस्लामी इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रवास इ.स. ६२२ चा. मक्का सोडल्यावर हजरत पैगंबर (स.) आणि हजरत अबू बकर यांनी सौरच्या गुहेत तीन रात्री काढल्या. पुढची वाट दाखवायला त्यांनी मोबदला देऊन अब्दुल्लाह बिन उरैकित याला ठरवले होते. तो मुसलमान नव्हता, कुरैशांच्याच धर्माचा होता. तरी दोन उंट विश्वासाने त्याच्या हवाली केले गेले. तिसऱ्या रात्रीनंतर सकाळी तो ठरल्याप्रमाणे गुहेपाशी हजर झाला आणि त्याने काफिला समुद्रकाठच्या वाटेने नेला. चौदाशे वर्षे उलटली, पण सीरतकारांनी त्याचे नाव गाळलेले नाही.

आता आपल्या वऱ्हाडाकडे वळू. अकोला जिल्ह्यात आकोटजवळ नरनाळा आणि अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याजवळ गाविलगड, हे दोन गड म्हणजे वऱ्हाडच्या मुस्लिम राजवटींचा मोठा वारसा. पंधराव्या शतकात अहमदशाह वली बहामनीने एलिचपुरास मुक्काम ठोकला, गाविलगड बांधला आणि नरनाळ्याची डागडुजी केली, असे फिरिश्ता सांगतो. नरनाळ्याचा देखणा महाकाली दरवाजा १४८७ चा. इमादशाहीचा संस्थापक फत्हुल्लाह इमादउल्मुल्क हा विजयनगरच्या ब्राह्मण घरात जन्मलेला, हेही इतिहासाने जपून ठेवले. मात्र एवढे दगड, चुना आणि दाणागोटा ज्यांच्या पायवाटांनी वर चढला, त्यांतल्या एकाचेही नाव आपल्याला सांगता येत नाही.

इंग्रजांच्या काळातही तेच घडले. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आडगावची लढाई जिंकून वेलस्ली गाविलगडाकडे वळला. गडाची उत्तरेची बाजू चढाईला सोपी होती, पण तिथे पोहोचायचे तर डोंगर ओलांडावा लागे. स्टीव्हन्सनच्या तुकडीने रानात रस्ता तयार करीत जड तोफा ओढत नेल्या. १५ डिसेंबरला गड पडला. किल्लेदार बेणीसिंग लढता लढता मारला गेला. या मोहिमांत बैलांच्या पाठीवर धान्य वाहणारे बंजाऱ्यांचे तांडे नसते तर फौज उपाशी मेली असती. गडाच्या प्रचलित इतिहासात सेनापतींची नावे आहेत, किल्लेदाराचेही आहे. तांड्याच्या नाईकाचे किंवा डोंगरातल्या वाटाड्याचे नाही.

हा प्रश्न फक्त जुन्या काळाचा नाही. १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पातल्या पहिल्या नऊ अभयारण्यांत मेळघाट होते. वैशाखात रानातले पाणी आटते, जनावरे उरलेल्या मोजक्या पाणवठ्यांवर येतात आणि पौर्णिमेच्या उजेडात ती दिसतात. म्हणून बुद्धपौर्णिमेच्या रात्री शहरातली मित्रमंडळी मचाणावर मुक्कामाला जातात. सोबत वनमजूर किंवा गाईड असतो, बहुधा कोरकू. वाघाला तो आपल्या भाषेत ‘कुला’ म्हणतो. पानांची सळसळ ऐकून जनावर ओळखणे त्याला कुठल्या पुस्तकाने शिकवलेले नसते.

ही विद्या गावाबरोबर वाढते आणि गाव उठले की विरत जाते. नरनाळ्याच्या मागच्या रानातली बोरी, कोहा, कुंड ही गावे २००० नंतरच्या वर्षांत आकोटच्या बाजूला वसवली गेली. मागून आणखी गावे उठली. जानेवारी २०१९ मध्ये पुनर्वसित गावांतले काही लोक पुन्हा जंगलात परतले आणि वनखाते-पोलिसांशी त्यांचा संघर्ष झाला. वाघ वाचला पाहिजे, यात शंका नाही. पण मैदानात वाढलेल्या कोरकू मुलाला आजोबांचे पाणवठे आणि खिंडी कोण दाखवणार?

आपण नरनाळ्याला, गाविलगडाला जातो, शिलालेखासमोर उभे राहतो आणि पूर्वजांचा अभिमान मिरवतो. अभिमान जरूर असावा. पण आपल्याच सीरतीने वाटाड्याच्या स्मरणाचा जो दाखला घालून दिला, तोही सांभाळावा. गडावर नेणाऱ्या माणसाला त्याचे नाव विचारावे, त्याचे गाव पूर्वी रानात कुठे होते ते विचारावे, ओढ्याटेकड्यांची कोरकू नावे लिहून घ्यावीत. वऱ्हाडच्या इतिहासातली ही पाने अजून कोरी आहेत, आणि ती भरू शकणारी म्हातारी माणसे दर पावसाळ्यागणिक कमी होत आहेत.