वायुवाहिनी पुरताना आणि सोडताना

१९६२ चा पन्नासावा केंद्रीय अधिनियम हा जमिनीतील वापराच्या हक्काच्या संपादनाविषयी आहे. प्रथम तो केवळ पेट्रोलियमच्या वाहिन्यांसाठी होता; १९७७ मध्ये त्यात ‘खनिजे’ हा शब्द आला आणि मुळातच लांब असलेले नाव आणखी लांबले. ज्या शेतकऱ्याच्या रानाखालून नैसर्गिक वायूची मोठी वाहिनी जाते, त्याचा केंद्र शासनाशी संबंध बहुधा याच कायद्यातून येतो. वाहिनीने दुसऱ्याच्या जमिनीत कसे शिरावे, हे त्याची अठरा कलमे बारकाईने सांगतात. वाहिनीचे काम संपल्यावर तिचे काय करावे, याविषयी ती जवळजवळ मौन पाळतात. हे मौन कोठून आले, ते पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

आपल्या देशात वायूचे नळ प्रथम पुरले गेले ते शहरांत, आणि तो वायू नैसर्गिक नव्हता. दगडी कोळसा भट्टीत तापवून काढलेला होता. कोलकात्याच्या रस्त्यांवर ओरिएंटल गॅस कंपनीचे दिवे जुलै १८५७ मध्ये लागले. उत्तर हिंदुस्थानात उठाव पेटला होता आणि राजधानीत दिवाबत्तीची सोय होत होती. त्या वर्षीचा पाचवा अधिनियम केवळ या एका कंपनीसाठी होता. रस्ता खोदण्याची मुभा आणि खोदलेला रस्ता पूर्ववत करून देण्याची जबाबदारी, हा अशा कायद्यांचा गाभा असे. मुंबईत वायूचे दिवे १८६५ मध्ये आले. बॉम्बे गॅस कंपनीचा कारखाना लालबागला होता. ‘गॅस कंपनी लेन’ हे नाव कंपनीच्या दिव्यांपेक्षा दीर्घायुषी ठरले. साठच्या दशकातील सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात या कंपनीच्या कामगारांच्या साप्ताहिक सुट्टीच्या वेतनाचा वाद आहे, आणि त्यात सायफन पंपांच्या विभागाचा उल्लेख येतो. वायूच्या नळांत पाणी साचते आणि ते उपसत राहावे लागते. पुरलेल्या नळाला रोज माणूस लागतो, हे त्या काळच्या व्यवस्थापकांना पक्के ठाऊक होते. पुढे दिवे विजेचे झाले आणि कालांतराने कारखानाही थांबला. तेव्हा माणूस गेला आणि नळ राहिले. ते कंपनीचे की ज्या रस्त्याखाली आहेत त्या महापालिकेचे?

येथे घटनेतील एक गमतीदार गुंता आहे. सातव्या अनुसूचीत ‘गॅस व गॅस कारखाने’ हा विषय राज्यांच्या यादीत पंचविसावा आहे, तर खनिज तेलाची साधने व पेट्रोलियम केंद्राच्या यादीत त्रेपन्नावे. पश्चिम बंगाल सरकारने ओरिएंटल गॅस कंपनीचा कारभार हाती घेणारा कायदा १९६० मध्ये केला. त्यावरील वादात १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा अधिकार मान्य केला. गुजरातने २००१ मध्ये वायूच्या वहनाचा व वितरणाचा स्वतःचा कायदा केला, तेव्हा राष्ट्रपतींनी न्यायालयाचे मत मागितले. मार्च २००४ मध्ये उत्तर मिळाले, की नैसर्गिक वायू, द्रवरूपातला धरून, केंद्राच्या कक्षेत येतो; राज्यांच्या यादीतला ‘गॅस’ निराळा. त्यामुळे कोळशाच्या वायूचा जुना नळ राज्याच्या विषयात पडतो आणि नैसर्गिक वायूचा नवा नळ केंद्राच्या, जरी दोन्ही एकाच रस्त्याखाली हातभर अंतरावर असले तरी.

आता १९६२ कडे येऊ. आसामातील नहरकटिया येथून बरौनीपर्यंत हजार किलोमीटरहून लांब तेलवाहिनी पडत होती, गुजरातेत तेल सापडले होते. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने पट्टाच्या पट्टा विकत घ्यायचा, तर वर्षे गेली असती आणि पैसाही. वाहिनी जमिनीखाली जाणार, वर शेती चालूच राहणार, मग मालकी कशाला घ्यावी? वापराचा हक्क पुरे. कल्पना चांगली होती, आणि शेतकऱ्याची जमीन तिने वाचवली हेही खरे. कलम ७ प्रमाणे घर असलेल्या जागेखालून वाहिनी नेता येत नाही आणि ती एक मीटरपेक्षा उथळ पुरता येत नाही. कलम १० प्रमाणे पिकाचे, झाडांचे नुकसान भरून मिळते. शिवाय अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाच्या १० टक्के रक्कम मिळते. या मोबदल्यात कलम ९ ची बंधने येतात. त्या पट्ट्यावर बांधकाम करायचे नाही, विहीर वा तळे खोदायचे नाही, झाड लावायचे नाही.

ही बंधने केव्हा संपतात? कलमात मुदत नाही. ती वायूच्या प्रवाहाशी बांधलेली नाहीत, वाहिनीच्या असण्याशीही नाहीत. ती घोषणेशी बांधलेली आहेत. कलम ७ मध्ये जमिनीचा वापर कशासाठी करता येईल याची यादी आहे: वाहिनी टाकणे, सांभाळणे, तपासणे, दुरुस्त करणे, बदलणे ‘किंवा काढून टाकणे’. एवढा एकच शब्द सापडतो, आणि तोही मुभा म्हणून. कर्तव्य म्हणून नव्हे. कायद्याची पुढची मोठी दुरुस्ती २०११ च्या विधेयकाने झाली. ती तेलचोरी व घातपात यांच्या शिक्षा वाढवण्यासाठी होती.

दिल्लीच्या परिसरात राहणाऱ्याला हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही. १९८४ मध्ये गेल ही कंपनी स्थापन झाली. वसईच्या समुद्रातला वायू हजिऱ्याला किनाऱ्यावर येऊन तेथून विजयपूर व जगदीशपूरकडे नेणारी वाहिनी तिने ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू केली. तिची शाखा दादरीला आली आणि तेथून वायू दिल्लीला पोचला. त्या काळी ज्या गावांखालून वाहिन्या गेल्या, त्यांतली कित्येक गावे आज सेक्टर झाली आहेत. मोबदला ठरला तो शेताच्या भावाने, बंधन मात्र शहराच्या भावाच्या जमिनीवर चालू आहे. वाहिनी वापरात आहे तोवर ते समजण्यासारखे आहे. सुरक्षेसाठी तो मोकळा पट्टा हवाच. वाहिनी निकामी झाल्यावर त्याच पट्ट्याचे समर्थन कसे करणार?

तंत्रज्ञांपुढे हा पेच नाही. आपले सुरक्षानियम ज्या अमेरिकी अभियांत्रिकी संहितेच्या आधाराने लिहिले गेले, ती सरळ सांगते: सोडायची वाहिनी वायूच्या सर्व स्रोतांपासून तोडा, आतला वायू घालवा, टोके बंद करा. गंज रोखणारा विद्युतप्रवाह थांबला, की मात्र पोलाद हळूहळू खचते. पोकळ नळ पाण्याची वाट बनतो. लोहमार्ग वा रस्त्याखाली माती बसू शकते. अशा वेळी कोणाला बोलवायचे, हे संहिता सांगत नाही. ते शासनाचे काम.

अमेरिकेने १९३८ च्या नैसर्गिक वायू कायद्यात, आयोगाच्या परवानगीवाचून कोणत्याही कंपनीने वाहिनी वा सेवा सोडू नये, असे लिहिले. तिथे चिंता ग्राहकाची होती. थंडीच्या दिवसांत कंपनीने अंग काढून घेतले तर गावाने काय करावे? कॅनडाने चिंता जमीनमालकाची केली. तिथल्या राष्ट्रीय ऊर्जा मंडळाने २००९ मध्ये ठरवले, की सोडण्याचा खर्च हा सेवेच्याच खर्चाचा भाग आहे, तो वाहिनी वापरणाऱ्यांकडून गोळा व्हावा आणि जमीनमालकावर कधीही पडू नये. २०१५ पासून तिथे कंपन्या त्यासाठी पैसा वेगळा काढू लागल्या. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे पटते, कारण वाहिनीचा लाभ मिळतो चाळीस वर्षांच्या ग्राहकांना, आणि पैसा आधी काढला नाही तर बिल येते एक्केचाळिसाव्या वर्षी भेटेल त्याला. आपल्या पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाच्या २००८ च्या दरनियमांनी वाहिनीचे आर्थिक आयुष्य २५ वर्षे धरले होते आणि भांडवलावर १२ टक्के करोत्तर परतावा दिला होता. हिशेबातले आयुष्य आणि पोलादाचे आयुष्य यांत फरक पडतो, आणि तो फरक शेताखाली राहतो.

यातून आणखी एक अनर्थ होतो. सोडण्याला खर्च आहे आणि त्याची तरतूद नाही, तर जुनी वाहिनी चालवत राहण्याकडेच व्यवस्थापनाचा कल राहणार. २७ जून २०१४ रोजी पहाटे आंध्रातील पूर्व गोदावरी जिल्ह्यात नगरम येथे गेलची चालू वाहिनी फुटून वीसहून अधिक माणसे गेली. गंजलेली वाहिनी वेळीच बदलली नाही, हा त्या दुर्घटनेचा भाग होता. तिथे कारणे अनेक होती. सोडण्याच्या नियमाचा अभाव हे त्यांतले एकमेव असे मी म्हणणार नाही. परंतु निवृत्तीचे वयच न ठरवलेल्या खात्यात कोणी आपण होऊन निवृत्त होत नाही, हे आम्हा नोकरशहांना कोणी शिकवायला नको.

समुद्रात आपण हे केले आहे. १९६१ च्या आयकर अधिनियमात १९९९ पासून तेल-वायू उत्पादकांच्या स्थळ-पुनर्स्थापना निधीला सवलत मिळाली. मुंबईच्या उत्तरेकडील समुद्रातील तापी वायुक्षेत्राचे उत्पादन २०१६ मध्ये थांबले. तेथील पाच विहीर-फलाट उतरवून त्यांची विल्हेवाट लावण्याचे काम पुरे झाल्याचे ओएनजीसी, रिलायन्स व शेल या भागीदारांनी २०२३ च्या आरंभी जाहीर केले. भारतातील ते अशा प्रकारचे पहिले काम. तिथे करार होता आणि त्याची मुदत होती. जमिनीवर १९६२ च्या कायद्याखाली ना निधी आहे, ना मुदत.

महाराष्ट्रात वाहिनीचा हक्क सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ या रकान्यात नोंदला जातो. कर्ज फिटले की बँकेचा दाखला घेऊन बोजा कमी करता येतो, ही रीत गावोगाव ठाऊक आहे. वाहिनीच्या बाबतीत असा दाखला कोणी द्यायचा, तर माझ्या मते तो नियामक मंडळाने द्यावा: वाहिनी रिकामी केली, टोके बंद केली, ती काढली किंवा जागेवरच ठेवली, आणि ठेवली असल्यास तिच्या पुढच्या जबाबदारीसाठी कंपनीने इतकी रक्कम जमा केली. त्या दाखल्यावर केंद्राने घोषणा मागे घ्यावी. सर्वसाधारण खंड अधिनियमाच्या कलम २१ ने काढलेली अधिसूचना रद्द करण्याचा अधिकार शासनाला आजही आहे. तो वापरण्याची वेळ कोणती, एवढे कलम ९ खाली एका पोटकलमात लिहिले तरी तलाठ्याला फेरफार घालता येईल.